आमच्या गाडीचा आवाज

घरात कॉलेजला जाणारा मी पहिलाच. पण तेवढ्याने कुणाबद्दल लिहायचा अधिकार मिळत नाही, म्हणून आधीच माफी मागतो. ज्याच्याबद्दल लिहितोय, त्याचं नावही मी विचारलं नव्हतं.

बाबा गव्हाणहून जुन्या ट्रकने मीठ वाहायचे. सायलेन्सरचा पाइप गंजून फुटला, तेव्हा आम्ही पळस्प्याला हायवेवरच्या एका मिस्त्रीकडे गेलो. त्याने गंजावर बोट फिरवून जिभेला लावलं.

"मीठ! पोत्यांतनं ठिबकतंय, पाइप खातंय. हिला केबिनमागं उभं नाक लावू, दादा," तो बाबांना म्हणाला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "कालेजात हे शिकवत नाय वाटतं?"

दुपारपर्यंत उभा पाइप बसला. बाबांना इंजिन सुरू करायला लावून तो डोळे मिटून, गाणं ऐकावं तसा ऐकत राहिला.

"आता ही कुठंबी जाऊ दे, आवाजावरून वळखीन."

"रोज शेकडो गाड्या जातात, मिस्त्री!" बाबा हसले.

"जाऊ देत की. नाक मी लावलंय."

पुढे गुडघ्यांमुळे बाबांनी गाडी विकली. ती भंगारात गेली असेल, या धास्तीने ते तिचा विषयही काढत नसत. परवा एका ड्रायव्हरकडून मिस्त्रीचा निरोप आला: "दादांना सांग, त्यांची गाडी आज सकाळीच हितनं गेली. आवाज खणखणीत हाय."