बाईंचे ब्लाउज मेन रोडला जायचे

गांगुर्डेबाई गेल्याचं आमच्या ह्यांनी सकाळी दूध घेऊन आल्यावर सांगितलं, आणि मी रडायचं सोडून विचारलं, कोणी सांगितलं तुम्हाला? ते म्हणाले, दुधाच्या रांगेत सगळे बोलत होते. सगळे म्हणजे कोण? त्यांनी दोन नावं घेतली. त्यातला एक माणूस कुठलीही बातमी फुगवून सांगणारा, म्हणून मी तीही बातमी बाद करून टाकली. मग चपला घातल्या आणि चार घरं ओलांडून गेले. बाईंच्या दारात बायका भिंतीला टेकून बसलेल्या दिसल्या, तेव्हा कुठे खरं वाटलं. मी संशयी बाई आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण ज्यांच्याविषयी लिहायला बसले आहे त्यांच्यावर मी अकरा वर्षं संशय घेतला, आणि त्यातला निम्मा तरी खरा निघाला.

आमची वसाहत नाशकात, गंगापूर रोडच्या मागच्या अंगाला. कारकून, मास्तर, कारखान्यात जाणारे, अशी साधी माणसं. आणीबाणी उठली त्या वर्षी आमच्या बुद्धविहारात बायकांसाठी शिवणवर्ग निघाला. सहा महिने शिकले, मशीन घेतलं आणि पुढच्या खोलीच्या खिडकीवर पाटी लावली. शिवण माझी सरळ, टीप बारीक, कुणी नाव ठेवलं नसतं. पण कापायचं म्हटलं की हातपाय गळायचे. वर्गात कापून द्यायच्या शिक्षिका, आम्ही फक्त जोडायचो. पाटी लावल्यावर पहिल्याच महिन्यात एका नर्सबाईंच्या छापील कापडातून मी दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या कापल्या. ज्यांना शिवण येत नाही त्यांना सांगते, बाहीचा गोल पुढून जास्त खोल असतो आणि मागून कमी, म्हणून डावी-उजवी वेगळी कापावी लागते. छाप एकाच बाजूला असला की ती बाही उलटवूनही चालत नाही. मी तसंच्या तसं कापड शोधत सगळी दुकानं पालथी घातली, ते मिळालं, नर्सबाईंना काही कळलंही नाही. पण माझं मला कळलं होतं ना. त्या दिवसापासून कात्री हातात घेतली की दोन्ही बाह्या डाव्याच दिसायच्या.

मग 'उद्या या' सुरू झालं. शिंपी उद्या म्हणतो ही काही नवलाची गोष्ट नाही, लोकही ते धरूनच चालतात, त्यामुळे माझं फावलं. कापड पाण्यातून काढायचंय, अस्तर मिळालं नाही, मशीनचा पट्टा सैल झालाय... कारणांना तोटा नव्हता. शेल्फवर गाठोडी वाढत गेली. गिऱ्हाईक चांगलं बोललं तरी मला वाटायचं, कापड परत न्यायचं आहे म्हणून गोड बोलतंय. आमचे हे म्हणायचे, विमल, तू स्वतःवर विश्वास ठेव. त्यांचाही मला संशय यायचा, कारण ते वाक्य ते पेपर वाचता वाचता म्हणायचे.

अशात गांगुर्डेबाई यायला लागल्या. नगरपालिकेच्या शाळेत तिसरी-चौथीला शिकवायच्या. ठेंगण्या, अंबाडा घट्ट, खांद्याला वह्यांची पिशवी. मिस्टर लवकर वारलेले, घरी एक मुलगा, संजय. पहिल्यांदा आल्या त्या साडीला फॉल लावायला. दुसऱ्या दिवशी साडी न्यायला आल्या आणि बसल्या. तिसऱ्या दिवशी काही काम नसताना आल्या आणि वह्या काढून तपासायला लागल्या. म्हणाल्या, इथे उजेड बरा आहे. मला ते पटलं नाही. उजेड त्यांच्या ओट्यावर माझ्यापेक्षा जास्त होता. मी तर्क लढवत बसले. घरी चहा-साखर वाचवत असतील. महिला मंडळात माझी माहिती पोचवत असतील. शाळेतली पोरं पुरत नाहीत म्हणून मोठ्या माणसाला शिकवायची हौस असेल. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे बाई साड्यांचे फॉल मला द्यायच्या, परकराची पट्टी मला द्यायच्या, पण ब्लाउज मेन रोडच्या शिंप्याकडे टाकायच्या. कात्री लावायचं काम एकही माझ्याकडे नाही. मी ते बरोबर हेरलं होतं.

पंधरा दिवस त्यांनी माझ्या शेल्फकडे नुसतं पाहिलं. मग एकदा म्हणाल्या, चहा ठेव, आणि चहा उकळेपर्यंत एका कापडावर खडूने आखून घे. आखलं. आता मी चहा पिते तोवर काप. मी म्हटलं, चुकलं तर? बाईंनी वहीतून मान वर केली नाही. म्हणाल्या, "चूक असली तर मी लाल पेनाने खूण करते. कोरी वही मला तपासता येत नाही, विमल."

राग आला मला. मी काय तिसरीतली पोर होते? पण त्या बशीत ओतून फुंकर मारत चहा प्यायला लागल्या, आणि बशीतला चहा किती वेळ पुरणार... मी कापलं. साधा परकर होता, त्यात चुकण्यासारखं काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी झबलं. मग पोलकं. एका चहाला एक कापड, असा आमचा नेम पडला. चुका झाल्या. एकदा गळा इतका खोल गेला की बाईंनीच शेजारणीला समजावून पट्टी लावायला लावली. पण बाई कधी छान म्हणाल्या नाहीत. एकदाही नाही. कापलेले तुकडे उचलून पाहायच्या आणि वहीत पुढचं पान उलटायच्या. मला वाटायचं, म्हणजे छान नसणारच.

दुसऱ्या वर्षी पिंपळगाव बसवंतहून एक बाई आल्या, त्यांच्या भाचीनं माझं नाव सांगितलं म्हणून. मुलीचं लग्न, येवल्याहून विणून आणलेली पैठणी, आणि साडीच्या आतल्या टोकाला काठासकट ब्लाउजपुरतं कापड. "लय जपून हां ताई," त्या म्हणाल्या, "एवढंच हाय. चुकलं तं दुसरं मिळायचं नाय." मी मान डोलावली, ते कापड मलमलमध्ये गुंडाळलं आणि शेल्फवर अगदी खाली, सगळ्या गाठोड्यांच्या मागे ठेवलं. रोज चहाला बाई आल्या की मी दुसरंच काहीतरी कापायला घ्यायचे. लग्नाला महिना होता, मग पंधरा दिवस, मग आठ. पिंपळगावच्या बाईंनी एसटीनं माणूस पाठवला, तेव्हा मी सांगितलं, हात-शिलाई तेवढी राहिलीय. इतकं धडधडीत खोटं मी जन्मात बोलले नव्हते. त्या माणसानं कापड त्या दिवशीच परत मागून नेलं असतं तर मी सुटले असते, असंही मनात येऊन गेलं.

माणूस दाराबाहेर पडला तोच बाई आत आल्या. त्यांनी ऐकलं होतं. खाली वाकल्या, मागचं गाठोडं काढलं आणि टेबलावर उघडलं. त्या कापडाचा हिरवा रंग आणि नारळी काठ उजेडात आला. म्हणाल्या, चहा ठेव. आणि माझ्या तोंडून दीड वर्ष साठलेलं बाहेर पडलं. मी म्हटलं, तुम्ही मला रोज कापायला बसवता, पण तुमचा स्वतःचा ब्लाउज मेन रोडला जातो. तुमचाच माझ्यावर विश्वास नाही, तर मी कशाच्या जोरावर ह्याला कात्री लावू?

मला वाटलं होतं, त्या सारवासारव करतील. जुना शिंपी आहे, त्याच्याकडे माप आहे, असं काहीतरी.

"नाही विश्वास," बाई म्हणाल्या. "तुझा हात अजून कच्चा आहे. पण कच्च्या हातानंच कापावं लागतं, दुसरा कुठून आणणार? पहिल्या दिवशी वर्गात उभी राहिले तेव्हा माझ्यावर हेडमास्तरांचा विश्वास नव्हता, माझा तर नव्हताच. पोरं समोर बसली होती म्हणून शिकवलं."

वाईट वाटायला हवं होतं, आणि वाटलंही. पण त्याच्या खाली मला एकदम मोकळं वाटलं. दीड वर्ष ज्याचा संशय होता ते खरं होतं, आणि हे खरं सांगणारं माणूस तरीही रोज येऊन बसत होतं. कौतुक करणाऱ्यांचं मी कधी मनावर घेतलं नाही. ह्या बाईंचं घेता येण्यासारखं होतं, कारण त्या मला काहीच गोड सांगत नव्हत्या. मी कापड दुमडलं, सुलटी बाजू सुलटीला लावली, काठ काठावर आणला, तीन वेळा पाहिलं. चहा उकळून उतू गेला, तो बाईंनीच उतरवला. मी कात्री लावली. कापून झाल्यावर दोन्ही बाह्या समोरासमोर ठेवल्या, एक डावी, एक उजवी. बाईंनी पाहिलं आणि वह्यांकडे वळल्या.

ब्लाउज चांगला बसला, असा पिंपळगावहून निरोप आला. मी अर्थातच त्यावर विसंबले नाही. लग्नाचा फोटो मागवला आणि भिंग घेऊन नवरीच्या मुंढ्याला, म्हणजे बाही जोडतात तिथे, सुरकुती कुठे पडलीय का ते पाहिलं. एक होती, बारीक. आमचे हे हसून हसून बेजार झाले.

त्यानंतर दिवस झपाट्याने गेले. हाताखाली दोन मुली आल्या, शेल्फवर गाठोडी थांबेनाशी झाली, आमच्या वसाहतीत टीव्ही आले. बाई रिटायर झाल्या, वह्यांच्या जागी चष्मा आणि पेपर आला, पण संध्याकाळचं येणं तसंच राहिलं. आणि ब्लाउज मेन रोडलाच जात राहिले. मी काही बोलले नाही, त्याही नाहीत. मनात मात्र असायचं. लोक लांबून माझ्याकडे यायला लागले होते, मग ह्यांचा हट्ट कशाचा? आता तरी हात पक्का झाला असेल ना? दर दिवाळीला वाटायचं, यंदा देतील. मेन रोडच्या दुकानाची पिशवी त्यांच्या हातात दिसली की मी त्या दिवशी चहात आलं घालत नसे. एवढाच माझा सूड.

गेल्या वर्षी बाईंचं मुंबईला छातीचं ऑपरेशन झालं. डावीकडचं सगळं काढलं. परत आल्यावर दोन महिने कुणाला भेटल्या नाहीत. मग एका दुपारी आल्या, पदर अंगभर घेऊन, आणि टेबलावर सुती कापडाचे तीन तुकडे ठेवले. दार लावून घे म्हणाल्या. डावा हात खांद्यापासून सुजला होता, मेन रोडचे जुने ब्लाउज त्यात चढत नव्हते, आणि त्या पुरुष माणसासमोर हे माप द्यायला उभ्या राहणं शक्य नव्हतं. मी टेप घेतला. डाव्या बाहीचं माप उजव्याच्या जवळजवळ दीडपट आलं. आत कापसाची घडी ठेवायला खिसा हवा होता. त्यांच्या त्या सपाट, शिवलेल्या अंगावर टेप धरतानाही माझा स्वभाव गेला नाही. मी विचारलं, नाइलाज म्हणून आलात ना बाई?

"हो," त्या म्हणाल्या. "नाइलाज म्हणूनच." थोड्या वेळाने म्हणाल्या, "पण दुसरीकडेही जाता आलं असतं. नाशकात शिवणारी बाई तू एकटीच आहेस का?"

मी त्याच चहाला पहिला ब्लाउज कापला आणि रात्रीच्या जेवणाआधी नेऊन दिला. दुसरा चार दिवसांनी. तिसरा राहू दे म्हणाल्या, सूज वाढतेय, माप बदलेल. गेल्या महिन्यात एका रविवारी मी त्यांच्या घरी जाऊन नवं माप घेतलं. खाटेवर बसूनच त्यांनी हात पुढे केला. ब्लाउज कसे बसले ते मी विचारलं नाही, पण त्यांनी आपणहून सांगितलं, पहिल्याची डावी बाही अर्धा इंच कमी पडली. मी लिहून घेतलं. घरी आले, उद्या कापू असं मनात आलं, आणि ह्या उद्याचाच मला संशय आला. तिन्हीसांजेच्या आत कापून तुकडे घडी घालून ठेवले. मंगळवारी सकाळी आमचे हे दूध घेऊन आले.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर संजय माझ्याकडे आला. बाईंच्या वस्तू वाटणं चाललं होतं, आणि एक कापड तुमच्याकडे असल्याचं आई बोलली होती, म्हणाला. न कापलेलं असेल तर मावशीला देऊन टाकू. बोलताना तो माझ्या शेल्फकडे बघत होता, एकेका गाठोड्यावर नजर ठेवत. ती नजर मला चांगली ओळखू आली, माझीच होती ती. मी घडी काढून त्याच्यापुढे उघडली. पाठ, दोन पुढचे भाग, आतल्या खिशाचा तुकडा, आणि दोन बाह्या, एक एवढीशी आणि एक रुंद. कुणालाही, कधीही न होणाऱ्या. त्याने रुंद बाही उचलून पाहिली. मग जरा चिडून, जरा दुःखाने म्हणाला, "एवढी काय घाई होती, विमलताई? दोन दिवस थांबला असतात तर कापड कुणाच्या तरी उपयोगी पडलं असतं."

मी घडी पुन्हा घातली आणि शेल्फवर ठेवली. ती मी देणार नाही कुणाला. संजय गेल्यावर लक्षात आलं, जन्मात पहिल्यांदा कुणीतरी मला म्हणालं होतं की तू घाई केलीस, आणि ते ऐकायला बाई नव्हत्या.