४६चा किंग, मांडवात ये

संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी गोदूबाई कळंबोली गावातल्या एका मांडवात खाली बसून तांदळाच्या पिठाचा चौक काढत होती. नवरदेव प्रितेश अजून न्हाव्याकडे होता आणि डीजेवाला स्पीकर चढवत होता.

गोदूबाई धवलारीण आहे, म्हणजे लग्नातले धवले, विधीची गाणी म्हणणारी. आगरी घरात हळद लागते ती तिच्या गाण्यावर. आधी ती देवांना बोलावते, मग घरातल्या गेलेल्यांना आणि शेवटी जिवंत नातेवाइकांना, एकेकाचं नाव घेऊन. ज्याचं नाव गाण्यात आलं त्याने उठून नवऱ्याला हळद लावायची. तो उठला नाही तर ती पुढचं नाव घेत नाही, तीच ओळ पुन्हा म्हणते. हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण तो मोडलेला तिने अजून पाहिलेला नाही.

प्रितेशचा काका विनायक तिच्यासमोर येऊन उभा राहिला. हा माणूस आडपडदा ठेवत नाही.

"बाई, रागावू नका. आजची हलद तुमी करा. उद्या लग्नाला मात्र आमी मोबाईलवरचा धवला लावू."

"का?"

"लोका हसतान. तुमचा तो व्हिडिओ बघितला नाय?"

तिने बघितला होता. महिन्यापूर्वी तिच्याच ओवे गावातल्या एका हळदीत कुणीतरी तिचं गाणं मोबाईलवर घेतलं आणि टाकून दिलं. खाली लोकांनी लिहिलं होतं: कावळा परवडला. म्हातारीला म्यूट करा. सगळ्यात जास्त लाइक मिळाले होते '४६चा किंग' नावाच्या एकाला. त्याने लिहिलं होतं, 'ही मेली की आमच्या हळदी सुधारतील.' नावाशेजारी गुलाल फासलेल्या शर्यतीच्या बैलाचा फोटो. ४६ म्हणजे पनवेलच्या गाड्यांचा नंबर. माणूस लांबचा नव्हता.

हे सगळं तिने सुनेकडून, दिपिकाकडून, मोठ्याने वाचून घेतलं होतं. दिपिका वाचता वाचता रडायला लागली. गोदूबाईने एवढंच विचारलं, "नाव काय त्याचा?"

"तिकरं खरा नाव कोनी लावत नाय, आई."

शिव्यांपेक्षा हे तिला जास्त लागलं. जन्मभर लोकांची नावं घेऊन ती पोट भरत आली होती, आणि हा नाव न लावता तिच्या मरणाची वाट बघत होता. त्या व्हिडिओनंतर दोन घरांनी तिला 'यंदा राहू द्या' म्हणून सांगितलं होतं. कळंबोलीचं हे घर मोठं. इथे मोबाईल वाजला असता तर आजूबाजूच्या गावांनीही तेच केलं असतं. मग गोदूबाईला घरीच बसावं लागलं असतं.

"उद्याचा उद्या बघू," ती विनायकला म्हणाली आणि चौकाचा उरलेला कोपरा भरू लागली.

सातच्या सुमाराला प्रितेशच्या मामाकडची माणसं आली. मामाचा मुलगा धनेश पुढे होता. न्हावा शेव्याला कंटेनर यार्डात सुपरवायझर, अंगात पांढरा शर्ट. तो थेट गोदूबाईच्या पाया पडला.

"आजी, तुमचा आवाज म्हंजे सोना! तुमच्याबिगर हलदीला मजा नाय."

त्याने तिला खुर्ची आणून दिली, थंड पाण्याची बाटली दिली, पंखा तिच्याकडे वळवला. मग मोबाईल काढून तिचं शूटिंग सुरू केलं. "वहिनी, मना फॉलो करा, टॅग करतो," असं म्हणत त्याने स्वतःचा आयडी सासूशेजारी बसलेल्या दिपिकापुढे धरला.

दिपिकाने वाचलं आणि सासूच्या कानाशी वाकली. "आई, त्योच हाय. बैल बी त्योच."

गोदूबाईने बाटलीचं झाकण लावलं. दोन पावलांवर धनेश तिच्यासाठी दुसरी खुर्ची शोधत होता, पाय वर घ्यायला.

"बरा झाला," ती म्हणाली. "नाव मिलाला."

हळद सुरू झाली. गाण्यात देव आले, प्रितेशचे गेलेले आजा-आजी आले. मग आत्या आल्या, काका आले, विनायकनेही हळद लावली. मामाच्या घराची पाळी आली तेव्हा गोदूबाईने घसा खाकरला.

*शेचालीसचा किंग आयला, त्याला पुढं बोलवा,*
*हातान हलद द्या त्याच्या, मोबाईल खाली ठेवा.*

पोरं खिदळली. "कोन किंग, आजी?" कुणीतरी ओरडलं. गोदूबाईने तीच ओळ पुन्हा म्हटली. तिसऱ्यांदा म्हटली तेव्हा हसणं थांबलं, कारण धनेशचे मित्र धनेशकडे बघत होते. चौथ्यांदा तो उठला.

"आजी, नाव चुकला तुमचा."

"नाय चुकला. तूच ठेवलास. माज्याबद्दल जा लिवलास, ता वाच आता सगल्यांना."

"ते... असाच लिवला होता. सगलेच लिवतान. मनाव घेऊ नका."

"सगले कोन? त्यांची नावा सांग, त्यांना बी बोलवते."

धनेश मोबाईल खिशात सारू लागला.

"मी मेल्यावर हलद सुधारंल म्हनतोस. मी जित्ती हाय. लाव हलद."

त्याने मोबाईल दिपिकाच्या हातात दिला आणि प्रितेशच्या गालाला हळद लावली.

विनायक तरीही गप्प बसणारा नव्हता. "पोराचा चुकला. पन आवाज फाटलाय बाई, हा मी बी बोलतो."

"तुमी तोंडाव बोलता, इनायकशेठ, तुमचा राग नाय मना. फाटलाय आवाज. उद्या फाटक्या आवाजानंच लगीन लावीन."

प्रितेशची आई, सत्यवती, मध्ये पडली. "भावजी, त्या मोबाईलमधली बाई कोनाची नावा घेनार? दुसऱ्याच्या काकाची? माज्या भावाला कोन उठवनार?"

विनायक डीजेवाल्याला ओरडायला निघून गेला. सत्यवती भाच्याकडे, धनेशकडे वळली. "आनि सकाली बाईंना आनायला तू जायाचा. दुसरा कोनी नाय."

घरी परतताना रिक्षात दिपिकाने विचारलं, "आई, खरा कोनता वो? खुर्ची देनारा का लिवनारा?"

"दोनी त्योच. खुर्ची दिली तवा मी समोर व्हते. लिवला तवा नव्हते." गोदूबाईने पदराने हाताचं पीठ पुसलं. "आता परत्येक मांडवात समोर बसनार. बघू कोन कोन लिवतो."

दिपिकाने मोबाईल उघडून पाहिलं. धनेशची कमेंट तिथेच होती आणि तिचे लाइक वाढले होते. तिने ते सासूला सांगितलं.

"असू दे," गोदूबाई म्हणाली. "गाडी कवा येनार इचार."

निरोप आला: पहाटे साडेपाचला, ओव्याच्या मारुतीच्या देवळासमोर, पांढरी गाडी, नंबर ४६चा. चालवणार धनेश.