साहेबाची चूल बंगल्याबाहेर

आई जेवण वाढते ते ताटावर ताट झाकून, आणि गॅसपासून दोन पावलांवर बसलेल्या माणसाकडंही ते पळत आणते. "कुठं आग लागलीय का?" म्हणून आम्ही तिला कायम चिडवत आलो. ही सवय तिच्या वडिलांची. ते तरुणपणी आंबोलीला एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर वाढपी होते. स्वयंपाकघर बंगल्याबाहेर, त्यामुळं भर पावसात ताटं घेऊन पळावं लागायचं, असं ते सांगायचे.

माझ्या मोठ्या मामाला हे कधीच पटलं नाही. आमच्या गारगोटीत गरिबाचीसुद्धा चूल घरात असते, मग एवढ्या साहेबाची बाहेर कशी? "सगळ्या थापा. घोडी धूत असत्याल तिथं," म्हणून तो मोकळा व्हायचा. आजोबा गेले, पण बहीणभावाचं हे भांडण काही मिटलं नाही.

गेल्या हिवाळ्यात आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं. ती म्हणाली, "त्याआधी मला आंबोलीला ने. आबा खोटं बोलत हुते का, ते एकदा बघू दे." मला असल्या चौकशा हव्याच असतात. लगेच गाडी काढली. आजरा मागं पडलं तशी आई काच खाली करून बाहेर बघायला लागली.

आजोबांनी सांगितलेल्या दारातल्या विहिरीवरून बंगला सापडला. आता तिथं हॉटेल आहे. व्हरांड्यात टोपीवाल्या साहेबाचा पुतळा, त्याच्या गळ्यात हात टाकून लोक फोटो काढतात. आईनं त्याला खालीवर न्याहाळलं. आत गेलो तर जेवणाच्या खोलीला लागूनच चकचकीत स्वयंपाकघर. आईचं तोंड एवढंसं झालं.

मला राहवलं नाही. मी मॅनेजरला विचारलं, "हे पहिल्यापासून इथंच आहे?"

त्यांनी मागची खिडकी उघडली. लांबलचक उघडं अंगण आणि पार टोकाला काळवंडलेल्या धुराड्याची दगडी खोली. जुनं स्वयंपाकघर तेच, म्हणाले. धूर, वास आणि आगीची भीती, म्हणून लांब. चुलीबरोबर चुलीपुढची माणसंही लांबच राहायची, ती साहेबाची आयतीच सोय, असं आपलं मला वाटलं.

खोलीत आता मोडक्या खुर्च्या आहेत. आई त्यातून वाट काढत चुलीपर्यंत गेली आणि भिंतीवरच्या काजळीवरून तिनं हात फिरवला. तिचे डोळे भरून आले. माझेही.

"मामाला फोन लाव," ती म्हणाली.

मी स्पीकर चालू केला.

"दादा, चूल भाईरच हाय. मी तिच्याफुडं उभी हाय. मधलं अंगण सगळं उघडं हाय, वर पत्रा न्हाय का काय न्हाय."

मामा आता उसळणार, म्हणून ती कमरेला पदर खोचून तयारच होती.

पण मामा एवढंच म्हणाला, "आंबोलीचा पाऊस गं त्यो. आबा लई भिजत असत्याल की."