झाडावर डबल क्लिक

कॉम्प्युटरच्या पोटात एक झाड असतं, हे मला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी कळलं.

नुसतं झाडच नाही हो! कुलपं, किल्ल्या, पृथ्वीचा गोल, चांदणी... शेकडो चित्रं! शॉर्टकटवर उजवं बटण दाबायचं, प्रॉपर्टीजमध्ये जाऊन 'चेंज आयकॉन' म्हणायचं, की अख्खा खजिना समोर. लखनौच्या एका संशोधन संस्थेत दहा वर्षं मी त्याच यंत्रापुढे मान मोडतोय, आणि हे मला कोणी सांगू नये? शेजारच्या टेबलावरच्या श्रीवास्तवजींना माहीत होतं! "अरे, हमें लगा आपको पता होगा," म्हणे.

या संतापातच मी शनिवारी घरच्या कॉम्प्युटरवरचे झाडून सगळे शॉर्टकट बदलले. खालची नावंसुद्धा पुसून टाकली (त्याचीही एक युक्ती आहे). चित्र बोलत असताना नाव कशाला? शिवाय कॉम्प्युटर बंद करायला एक खास शॉर्टकट केला. डबल क्लिक केलं की काही न विचारता यंत्र बंद! त्याला दिलं झाड. दमलेला माणूस कुठे टेकतो? झाडाखाली! यात न समजण्यासारखं काय आहे, तुम्हीच सांगा.

रविवारी दुपारी वसुधा, म्हणजे माझी बायको, अर्ज भरायला बसली. मुलीच्या पायी तिची नोकरी सुटून बारा वर्षं झाली होती, आणि आता एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची जागा निघाली होती. अर्ज ऑनलाइन. शेवटचा दिवस. मुदत पाच वाजेपर्यंत. सहा पानं भरून झाल्यावर तिला एम.एस्सी.चे मार्क हवे झाले.

"अय्या! माझ्या फोल्डरला झाड दिलंत?" ती इतक्या प्रेमाने म्हणाली की मी पेपरमधून मान वर केली. पण तोवर तिने डबल क्लिक केलं होतं.

पडदा काळा.

"लाइट गेली!" वसुधा किंचाळली.

"हो ना! या लखनौच्या लाइटीचं काही खरं नाही," मी घाईघाईने म्हणालो.

आमची चौदा वर्षांची रेवा शांतपणे वर बघत होती. डोक्यावर पंखा गरगर फिरत होता.

"बाबा, आपने क्या किया है?"

मी झाडामागचा विचार समजावून सांगितला. दोघींपैकी एकीनेही दाद दिली नाही.

"अहो, बॉटनीवाल्या बाईच्या घरात झाड म्हणजे बंद?" वसुधाचा आवाज चढला. "माझे कागद कुठेयत मग?"

"कुलपात! महत्त्वाचे कागद माणूस कुलपात ठेवतो."

कुलपातून कॅल्क्युलेटर निघाला. चांदणीतून रेवाची गाणी निघाली. कागद शेवटी किल्लीत सापडले (म्हणजे मी फार चुकलो नव्हतो!), पण तोवर पावणेचार झाले होते. वसुधाने अर्ज पुन्हा पहिल्या पानापासून भरायला घेतला. मी मागे उभा राहून धीर देत होतो. तो तिला नको होता.

सव्वाचारला शेवटचं पान आलं. ती फोटो शोधायला कपाटाकडे वळली. माझ्या मनात आलं, पुन्हा घोटाळा नको, तेवढ्यात हे झाड बदलून टाकू. चांगल्या हेतूने केलं हो! अर्जाची खिडकी खाली सारली, माउस झाडावर नेला. उजवं बटण दाबायचं होतं. बोटाने सवयीने डावं दाबलं. दोनदा.

"लाइट..." मी म्हणालो.

"मम्मी, चप्पल पहनो!" रेवा ओरडली.

फोटो आणि कपाटातली मूळ मार्कशीट घेऊन दोघी निशातगंजच्या सायबर कॅफेकडे धावत सुटल्या. मीही मागे पळालो. कॅफेच्या दारातच रेवाने मला थांबवलं. "आप अंदर मत आइए. प्लीज." भर बाजारात, शास्त्रज्ञ माणसाला, पोटच्या पोरीने! मी भाजीच्या गाड्यापाशी उभा राहून दर मिनिटाला घड्याळ बघत होतो. भाजीवाल्याने तीनदा विचारलं, "भैया, लेना क्या है?" बायकोची बारा वर्षं मी दोन क्लिकमध्ये घालवली, हे त्याला कसं सांगणार? पाव किलो भेंडी घेतली.

पाचला चार मिनिटं कमी असताना वसुधा बाहेर आली. अर्ज गेला होता. तिने माझ्याकडे पाहिलं, भेंडीकडे पाहिलं, आणि चालू लागली.

पुढे तिला ती नोकरी लागली. आनंदाने मी पेढे वाटले. महिन्याभराने ती सहज म्हणाली, "प्राचार्य विचारत होते, 'आपके पति साइंटिस्ट हैं ना? हमारी कंप्यूटर लैब ज़रा देख लेंगे?'"

मी शर्टाची कॉलर नीट केली. "मग? कधी येऊ म्हणालीस?"

"मी सांगितलं, ते परदेशात असतात."

आता त्या कॉलेजवरून जाताना मला हेल्मेट घालावं लागतं. पायी असलो तरी!