विंगेतला वन्स मोअर

जुनी संगीत नाटकं पुन्हा यायला लागली, तशी आमच्यासारख्यांची चलती झाली. मालिकेतली नायिका घेतली की डोंबिवलीत नाट्यगृह भरतं. पण नायिकेला गाता येतंच असं नाही. मग ती रंगमंचावर ओठ हलवते आणि विंगेत, काळ्या पडद्याआड, मी माईकसमोर गाते. जाहिरातीत माझं नाव नसतं. ते नको, ही अट माझीच, कारण बाबा जाहिराती वाचतात.

बाबांनी वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात नोकरी केली आणि उरलेला जीव नाट्यपदांवर टाकला. मला सगळी पदं त्यांनीच शिकवली. उसन्या गळ्याचा त्यांना भारी तिटकारा. जो उभा राहतो त्यानं गावं, नाहीतर घरी बसावं, असं ते म्हणायचे. आणि मी तर उभं राहायलाच घाबरते. समोर माणसं दिसली की माझा आवाज फुटत नाही. बाबांना हे माहीत आहे, त्यावरून त्यांनी कधी टोमणा मारला नाही. पण उसना गळा त्यांना खपणार नाही, म्हणून त्यांना सांगितलं होतं, की मी आत तानपुरा धरते. थाप पचली, असं मला वाटलं.

त्या रविवारी दुपारच्या प्रयोगाला ते न सांगता आले, तेही बिल्डिंगमधल्या मित्रांना घेऊन. तिसऱ्या घंटेला मला ते पडद्याच्या फटीतून दिसले.

दुसऱ्या अंकातलं पद छान झालं. टाळ्या पडल्या, नायिकेनं पुढच्या प्रसंगातला दुधाचा पेला उचलला, आणि प्रेक्षागृहातून आवाज आला.

"वन्स मोअर."

हल्ली वन्स मोअर फारसा कुणी देत नाही. तालमीत आम्ही त्याचा विचारही केला नव्हता. पण आवाज बाबांचा होता. लहानपणापासून माझा रियाज आवडला की ते गॅलरीतून याच सुरात वन्स मोअर देतात, आणि मी मुकाट्यानं पद पुन्हा घेते. सवयीनं घेतलंच. ऑर्गनवाला माझ्याकडे बघत राहिला. तिकडे नायिकेच्या तोंडाला पेला आणि पद आपलं जोरात चाललेलं. प्रेक्षागृहात हशा उसळला. मी ओळ अर्ध्यावर तोडली. मेकअपखालीही तिचा चेहरा उतरलेला दिसत होता.

प्रयोग संपल्यावर मी तिची माफी मागितली. ती चालतं म्हणाली आणि माझ्याकडे न बघता निघून गेली. मी चोरासारखी मागच्या दारानं बाहेर पडले, तर रिक्षा स्टँडवर बाबा एकटेच उभे. मित्रांना त्यांनी पुढे पाठवलं होतं. मी म्हटलं, चुकलं माझं, चारचौघांत तुमची मान खाली गेली.

"अगं, पहिल्या ओळीलाच ओळखलं होतं मी," ते म्हणाले. "वन्स मोअर तुलाच दिला. वाटलं, आता तरी बाहेर येशील."

घरापर्यंत मला त्यांच्याकडे बघवलं नाही. थाप उघडी पडल्याची लाज मी कशीबशी गिळली असती. या माणसानं मला पुढे बोलावलं आणि मी पडद्यामागे आणखी सरकले, याची लाज गिळवत नाही.

पुढचा प्रयोग ठाण्यात आहे. मी हो म्हटलंय, विंगेतूनच. बाबांनी तिकीट काढलेलं नाही.