मशीनचा घसा

औषधाच्या धंद्यात दोन गोष्टी न मागता साठत जातात. एक, मुदत संपलेलं सिरप. दुसरे, किस्से! सिरप कंपनीला परत तरी करता येतं. किश्श्यांचं काय करायचं? ते डोक्यात पडून राहतात आणि चार माणसं जमली की बाहेर येतात. परवा भाचीच्या साखरपुड्यात मी सुरू झाले, तर पंगत उठायचं नाव घेईना. वाढपी वैतागले.

मी मूळची देगलूरची. फार्मसी शिकले नांदेडला आणि नोकरी केली लातूरच्या एका खासगी दवाखान्यात. डिग्री फार्मासिस्टची, पण पेशंट मला 'शिस्टर' म्हणतात. पहिली काही वर्षं मी दुरुस्त करायची. मग सोडून दिलं. आता घरचेही चिडवायचं असलं की शिस्टरच म्हणतात.

आमच्या औषध विभागात आम्ही तिघं. मी, स्टोअर सांभाळणारे शेखभाई आणि सगळ्यात जुने गुरुलिंगअप्पा. अप्पा उदगीरचे. कपाळाला विभूती, उजव्या मनगटात जाड चांदीचं कडं आणि तोंडात एकच वाक्य, "उदगीर जिल्हा होऊ द्या, मग बघा!" पगार वाढला नाही? जिल्हा होऊ द्या. गुडघा दुखतो? जिल्हा होऊ द्या. जिल्हा झाला की तिथं स्वतःचं मेडिकल टाकणार होते ना!

शेखभाई म्हणायचे, "अप्पा, आधी पाऊस येतो का जिल्हा, पैज लावा." त्या वर्षी लातूरला पिण्याचं पाणी रेल्वेनं येत होतं. पैज कुणीच लावली नाही.

*

अप्पांचा जुना किस्सा आधी सांगते, कारण तो त्यांनी मला नोकरीच्या पहिल्याच दिवशी सांगितला होता.

लातूर स्वतः नवा-नवा जिल्हा झाला होता तेव्हाची गोष्ट. अप्पा ऐन विशीतले, एका डॉक्टरांकडे कंपाउंडर. तेव्हा खोकल्याचं मिक्श्चर हातानं बनवायचे. बाटलीला कागदाची पट्टी चिकटवायची, पट्टीला कात्रीनं खाचा पाडायच्या. एक खाच म्हणजे एक डोस. वाचता न येणाऱ्यालाही कळावं म्हणून ही सोय.

मुरुडकडचा एक गडी बाटली घेऊन गेला, तो महिन्यानं उगवला. बाटली काठोकाठ भरलेली! फक्त रंग गेलेला.

अप्पांनी विचारलं, "अरे, घेतलं न्हाईस व्हय?"

"रोज घेतलं की! पर औषध खाचेच्या खाली गेलं की जिवाला घोर लागायचा, संपतंय म्हणून. मग तेवढं पाणी घालून परत वर आणायचो."

"अन् खोकला?"

"खोकला कवाच गेला. बाटली लई बरकतीची निघाली!"

अप्पा म्हणायचे, "शिस्टर, आपण औषध देतो. बरं कशानं होतंय, ते आपल्याला बी ठावं न्हाई." मी तेव्हा नवी, पुस्तकी. मला हसू आलं. आता येत नाही.

*

मग आमच्याकडे मशीन आली.

तिची तारीफ करावी तेवढी थोडी! वरून गोळ्या भरायच्या, कॉम्प्युटरवर पेशंटचं नाव टाकायचं. ती प्रत्येकाच्या सकाळच्या गोळ्या वेगळ्या, संध्याकाळच्या वेगळ्या, अशा बारक्या प्लास्टिकच्या पुड्या करते. पुडीवर नाव छापते आणि पुड्यांची अख्खी माळ बाहेर सोडते. मॅनेजरसाहेब ती दाखवायला आले. साहेबांना कायम कोरडा खोकला. साहेबांच्या आधी त्यांचा खोकला यायचा, त्यामुळे आम्हाला ते सोयीचे पडत.

"आता चुका बंद!" साहेब म्हणाले. "मशीन थकत नाही, सुट्टी मागत नाही."

अप्पांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या. "लावा मग माझ्यासंगं."

मशीन बसवायला पुण्याहून आलेला इंजिनीअर घाबरून म्हणाला, "काका, ही स्पर्धेसाठी नाहीये." पण अप्पा ऐकतात होय! एकाच पेशंटच्या गोळ्या, इकडे अप्पा, तिकडे मशीन. अप्पांचा हात म्हणजे लातूरभर नावाजलेला. कात्री चालायला लागली की नुसतं कडं चमकायचं. पण अप्पांच्या निम्म्या पुड्या झाल्या नव्हत्या, तोवर मशीननं माळ पूर्ण करून खाली टाकली. अप्पांनी ती उचलली, एकेक पुडी उजेडाला धरून तपासली. चूक नाही.

आम्हाला वाटलं, आता हे चिडणार. अप्पांनी तर डोक्यावरची टोपी काढली! "काय हात हाय हिचा! एवढी वर्सं केलं म्या हे काम, असा हात बघितला न्हाई." आणि मशीनच्या पाठीवर थाप मारली. इंजिनीअर ओरडला, "हात लावायचा नाही!"

*

त्या उन्हाळ्यात कूलरमध्ये घालायला पाणी नव्हतं. वॉर्डात पंखे गरम वारा फेकायचे. आणि मशीनच्या खोलीत एसी! गोळ्यांना ओल धरू नये, उष्णता लागू नये, म्हणून.

शेखभाई दारात उभं राहून म्हणाले, "वाह रे वाह! लातूरच्या माणसाला हंडाभर पाणी नाही अन् मशीनला महाबळेश्वर!"

दुसऱ्या दिवसापासून तिघांचे डबे मशीनच्या खोलीत उघडायला लागले.

*

मशीन सुरू होताना मोठ्यानं गुरगुरायची आणि फरशी थरथरायची. पहिल्याच आठवड्यात बाहेरच्या हॉलमध्ये किल्लारीचे एक आजोबा बसले होते. गुरगुर झाली मात्र, आजोबा सूनबाईला ओढत, "भाईर! समदे भाईर!" करत पटांगणात. त्यांच्यामागं हॉल रिकामा. सलाइन हातात धरून एक पेशंटही पळाला!

कुणी हसलं नाही. भूकंपातून वाचलेल्या किल्लारीच्या माणसाला फरशी हलण्यावर हसू नये, हे लातुरात लहान पोराला कळतं. अप्पा उन्हात गेले, आजोबांना हाताला धरून आत आणलं, मशीन दाखवली.

आजोबांनी मशीन वरपासून खालपर्यंत बघितली आणि म्हणाले, "चांगली हाय. पर हिला म्हणावं, हलायच्या आधी आवाज देत जा."

बरोबरच होतं त्यांचं. अप्पांनी दुसऱ्या दिवशी घरून पितळी घंटी आणली आणि मशीनच्या दारावर टांगली. मशीन सुरू करायच्या आधी मी घंटी वाजवायची. भीती गेली, पण भलतंच झालं. घंटी वाजली की हॉलमधली माणसं चपला काढून हात जोडायला लागली!

*

पुडीवर सकाळसाठी सूर्य छापलेला, संध्याकाळसाठी चंद्र. सोपं, नाही का?

एक बाई सगळे सूर्य परत घेऊन आल्या. "शिस्टर, हे ठेवा तुमच्यापाशी. ऊन काय कमी पडलंय व्हय, त्यात गोळीतून बी ऊन देताव? मला चांदोबाचंच द्या."

मी अर्धा तास समजावलं. बाईंनी मान डोलावली आणि जाता जाता शेखभाईंना हळूच म्हणाल्या, "शिस्टर चांगली हाय, पर तिला ऊन बाधलंय."

*

आता अप्पांचं सांगते. हे सांगताना माझा अजून संताप होतो.

मशीन आल्यावर आमची औषधं द्यायची खिडकी बुजवली. तिथं आतून बाहेरचं दिसेल, पण बाहेरून आतलं दिसणार नाही अशी काच बसवली आणि काचेखाली एक झडप. पुड्या झडपेतून बाहेर येणार. काचेआड मी, पुड्या तपासायला. आणि अप्पांना बाहेर हॉलमध्ये टेबल-खुर्ची. वर पाटी, 'औषध समुपदेशन'. पेशंटनं समोर बसायचं, गोळ्यांबद्दल विचारायचं, अप्पांनी समजावून सांगायचं. कल्पना चांगली होती, मी नाही म्हणत नाही. मोठ्या शहरांत फार्मासिस्टचं काम आता हेच.

पण आमच्याकडं खुर्चीवर बसवून सांगतात ते फक्त मोठं दुखणं! कुणी त्या टेबलाकडं फिरकेना. वळसा घालून जायचे. एकानं तर मला विचारलं, "तितं बसलेल्याला क्यान्सरच असतो ना?"

साहेब खोकत आले आणि म्हणाले, "अप्पा, पावसाळ्यापर्यंत बघू. कोणी आलं नाही तर टेबल काढू, जागा कॅन्टीनला देऊ." अप्पांना कुठं देणार, ते नाही बोलले. बोलायची गरज नव्हती.

अप्पा त्या दिवशी डबा न उघडताच बसले. "शिस्टर, नोकरी जाईल तर जाईल. पोरं कमावती हायत. पर सकाळपासून माझ्याशी एक माणूस बोललं न्हाई बघा. अशी सवय न्हाई मला." जिल्ह्याचं नाव काढलं नाही त्यांनी.

*

काशीबाई मुरुडच्या पुढच्या एका खेड्यातल्या. हृदयाचा आजार, पायावर सूज, चार पावलं चाललं की दम. गोळ्या अगदी वेळेवर न्यायच्या, तरी सूज उतरेना. आमचे डॉक्टर डोस वाढवायच्या विचारात होते.

एका दुपारी मी आणि अप्पा काचेआड जेवत होतो. हॉल रिकामा होता. काशीबाई आल्या, चपला काढल्या, आणि झडपेशी वाकून चक्क मशीनशी बोलायला लागल्या!

"माय, तू समदं नेमानं देतीस. तुझी काय चूक न्हाई. पर ती बारकी पांढरी गोळी म्या घेतच न्हाई. ती घेतली की सारखं लघवीला पळावं लागतंय. टँकरचा पत्ता न्हाई. प्यायला न्हाई तितं सांडायला पाणी कुठून आणू? डॉक्टरला सांगितलं तर वरडंल. टाकल्या न्हाईत, डब्यात जपून ठेवल्या हायत. पाऊस पडला की समद्या एकदम घेते."

समद्या एकदम! अंगातलं पाणी उतरवायची गोळी ती, मूठभर एकदम घेतली तर बाई जाग्यावर जाईल. मी उठणार तोच अप्पांनी तोंडातला घास गिळला आणि झडपेजवळ तोंड नेलं.

"काशीबाई, एक बी घेऊ नगा."

मी कपाळाला हात लावला. काशीबाई मात्र दचकल्याच नाहीत. "अगं बया, तुला नाव बी ठावं हाय माजं!"

"ठावं हाय. पुडीवर मीच छापते की! उद्या डबा घेऊन या. डॉक्टर वरडणार न्हाईत, माझा जिम्मा."

दुसऱ्या दिवशी काशीबाई डबा घेऊन आल्या. मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर डबा बघून ओरडले नाहीत. टँकर कधी येतो, शौचाची सोय काय, पाणी किती पिता, सगळं बसवून विचारलं. गोळी बदलली, वेळ बदलली. पंधरवड्यात सूज उतरली.

डॉक्टरांनी विचारलं, "आजी, मला का नाही सांगितलं?"

"तुमी घाईत असता. ती ऐकून घेते. आवाज बाप्याचा हाय तिचा, पर ऐकून घेते म्हंजी बाईच असणार!"

*

त्यानंतर काय विचारता! झडपेसमोर रांग. गोळी दुधासंगं चालते का, उपासाला चालते का, नवऱ्याची नवऱ्याला न सांगता बंद करता येते का, सगळं लोक मशीनला विचारायचे. अप्पा सकाळी डबा घेऊन काचेआड शिरायचे, ते संध्याकाळी बाहेर. डॉक्टर, शेखभाई, मी, सगळे गप्प. बाहेरचं टेबल रिकामं ते रिकामंच.

कॅलेंडरात पावसाळा लागला, पाऊस नव्हताच, आणि ते रिकामं टेबल उचलायला एक दिवस साहेब आले. संगं कॅन्टीनवाला. खोकला ऐकून मी अप्पांना खुणावलं, पण अप्पांना बाहेर पडायला जागा कुठं होती! साहेबांनी रांग बघितली, भुवया उंचावल्या आणि काय चाललंय ते बघायला मुकाट्यानं रांगेत उभे राहिले.

साहेबांच्या पुढं काशीबाई होत्या. पदराखालून त्यांनी एक तांब्या काढला. वर वाटी झाकलेली. तो झडपेच्या कट्ट्यावर ठेवला.

"आज टँकर आला व्हता. पयलं तुला आणलंय. दिसभर बोलतीस, घसा सुकला असंल."

अख्खी रांग माना उंचावून तांब्याकडं बघायला लागली. त्या दिवसांत लातुरात पाहुण्यालासुद्धा अर्धाच पेला मिळायचा. मी काचेआडून मान हलवत होते, नको अप्पा, नको. अप्पांचे डोळे भरून आले होते.

झडप उघडली. चांदीचं कडं घातलेला हात बाहेर आला, तांब्या घेतला आणि आत गेला. पाणी पितानाचा घटघट आवाज पार मागपर्यंत ऐकू गेला.

काशीबाई झडपेशी वाकल्या. "सावकाश पी, अप्पा. ठसका लागंल."

मग रिकामा तांब्या पदराखाली घेऊन त्या बाजूला झाल्या आणि साहेबांना म्हणाल्या, "या, तुमचा नंबर."

साहेबांनी मागं वळून रांगेकडं बघितलं. कॅन्टीनवाल्याला हातानंच जायला सांगितलं. पायातले बूट काढले, झडपेशी वाकले, खोकले आणि आवाज एकदम खाली आणून म्हणाले,

"अप्पा, ही बीपीची गोळी आहे ना... हिनं खोकला येतो का हो?"