काठापाशी बसायची जागा

दहावीच्या परीक्षेनंतरच्या सुट्टीत मी वडगावातल्या एका मागाच्या शेडमध्ये कामाला लागले. ओळख मैत्रिणीची. ती विणकराची लेक, मी हिंडलग्याच्या शेतकऱ्याची. काम सांधणीचं: मागावरचा उभ्या धाग्यांचा ताणा संपला की बोटांना राख लावायची आणि जुन्या धाग्याच्या टोकाला नव्याचं टोक पीळ देऊन जोडायचं. असे हजारो धागे.

साडीच्या अंगाचे हिरवे धागे माझ्यासारख्या नवख्या पोरीला चालायचे, लाल काठाला मात्र सरावाचा हात लागतो. तो मालकांनी, म्हणजे अण्णांनी, मैत्रिणीला दिला. तिच्यासमोर बसून टोकं वेचून द्यायला त्यांचा पुतण्या. डिप्लोमाला होता, हसताना मान खाली घालायचा. तो मला आवडतो हे मी फक्त तिलाच सांगितलं होतं. तरी ही बया रोज खुशाल त्याच्यासमोर बसायची, त्याच्या चेष्टेला हसायची. मी चार हातांवर बसून जळायची. दुपारी तिने दिलेली चटणी-भाकरीसुद्धा मला गोड लागेना.

एका दुपारी दोघं चहाला उठली आणि मी काठाचा एक सांधा उकलला. तिथल्या लाल टोकाला हिरवा धागा जोडला. माग सुरू झाला की त्या ताण्याच्या प्रत्येक साडीत काठभर हिरवी रेघ येणार होती. मग काठ तिच्याकडे राहणार नव्हता. मला एवढंच हवं होतं.

पण माग सुरू करण्याआधी अण्णा ताण्यावरून हात फिरवतात. त्यांचं बोट तिथेच थांबलं. "हे कुणाचं काम?" त्यांनी विचारलं. पुतण्या वाकून सांधा उकलायला लागला. तो सुटेना, उलट घट्ट होत गेला. त्याने बोटं उलटी फिरवली तेव्हा सुटला. शेडमध्ये डावखुरी मी एकटी. त्याने माझ्या हाताकडे पाहिलं, मग मैत्रिणीने पाहिलं. तो तोंड उघडणार तेवढ्यात ती म्हणाली, "माझंच चुकलं अण्णा." विणकराच्या पोरीला काठ जमंना, म्हणून अण्णा सगळ्यांसमोर बोलले. ती खाली बघत उभी राहिली. मी बोटांना राख लावली आणि हिरव्या धाग्यांकडे वळले.

एव्हाना माझाही हात बसला होता, म्हणून दुसऱ्या दिवसापासून पुढच्या मागाचा काठ माझ्याकडे आला. अखेर मी त्याच्यासमोर बसले. तो टोकं वेचून द्यायचा, मी पीळ द्यायची. चेष्टा नाही, हसणं नाही. तीन दिवसांत तो फक्त "धर" म्हणाला. पलीकडे ती हिरवे धागे जोडत होती, माझ्या जागेवर बसून.

चौथ्या दिवशी मी अण्णांना खरं सांगितलं. त्यांनी मला काढलं नाही, नुसतं उठून हिरव्याला जायला सांगितलं. संध्याकाळी बस स्टॉपवर मी तिला विचारलं, सगळं कळत असताना तू माझं नाव का घेतलं नाहीस.

"तुला तितं बसायचं हुतं न्हवं?" ती म्हणाली. "म्हटलं, बसू दे की."

तिच्या आवाजात टोमणाही नव्हता. असता तर बरं झालं असतं, मी भांडले असते. त्या पोरावरून तिचा कधी वाटला नव्हता एवढा हेवा मला त्या वेळी वाटला. तो हेवा अजून गेलेला नाही.